ओघातला राहिलेला शब्द

मी ज्या माणसाला इंग्रज समजून मास्तरांच्या घरी नेलं, तो जर्मन निघाला.

यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. आपण इंग्रज आहोत असं तो एकदाही म्हणाला नव्हता, आणि बाबा रे तू कुठला, असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. गोरा होता, उंच होता, पंचगंगा घाटाच्या पायरीवर बसून इंग्रजी पुस्तक वाचत होता. मला तेवढा पुरावा पुष्कळ झाला. बँकेत मी चेकवरच्या सह्या ताडून पाहण्याचा पगार घेत असे. माणूस ताडून पाहायचं मात्र राहून गेलं.

पण मास्तरांना इंग्रज माणूस हवा होता कशाला, हे सांगायचं तर आधी मास्तर सांगायला हवेत.

साताऱ्याहून बदली होऊन मी बनारसला आलो तेव्हा मंगला गौरीजवळच्या गल्लीत एका मराठी घराची माडीवरची खोली रिकामी आहे असं कळलं. घरमालक म्हणजे मास्तर. एका इंटर कॉलेजात उभा जन्म इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. धोतर, बंडी, कपाळाला गंध, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. घरात पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण; वडील घनपाठी. हे एकटेच इंग्रजीकडे वळलेले, म्हणून वडील त्यांच्याशी पुढे संस्कृतातच बोलत, म्हणजे जवळजवळ बोलतच नसत.

माझ्याशी ते मराठीत बोलत होते, पण आपल्यालाही काही येतं हे दाखवायची हौस मला दांडगी. मी म्हणालो, "आय हॅव थॉट अबाउट इट, सर. खोली पसंत आहे."

मास्तरांनी मान वर केली. "हा 'थॉट' कुणाकडून?"

"म्हणजे?"

"कुणाच्या तोंडून घेतला?"

"आमच्या साताऱ्याच्या सरांच्या."

"त्यांनी कुणाकडून घेतला?"

"पुस्तकातून असेल."

"म्हणजे चोरीचा माल," मास्तर म्हणाले आणि चष्म्याची दोरी सोडून उठायलाच लागले. तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. "शब्द चोरीचा का असेना, मुलगा शरीफ दिसतो," त्या म्हणाल्या. "उद्या सामान आणा. आणि यांच्याशी इंग्रजी बोलू नका, माझा स्वयंपाक करपतो."

स्वयंपाक का करपतो ते मला आठवड्याभरात कळलं : मास्तर इंग्रजीवर सुरू झाले की काकूंना चूल सोडून मध्ये पडावं लागे. वेद जसा पुस्तकात बघून शिकायचा नसतो, तशी कुठलीच भाषा पुस्तकात बघून शिकायची नसते, असा मास्तरांचा सिद्धान्त होता. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने ते ऐकून दोनदा म्हणायचं, याला संथा म्हणतात. तशी संथा ज्या शब्दाची मिळाली तो आपला. बाकीचे शब्द नुसते डोळ्यांनी पाहिलेले, त्यांना हात लावायचा नाही. आता इंग्रजीतले सगळेच शब्द असे कानांनी गोळा करणं एका जन्मात होण्यासारखं नव्हतं. म्हणून मास्तरांनी एकच कुळ धरलं होतं.

ओ, यू, जी, एच.

ही चार अक्षरं याच क्रमाने ज्या शब्दात येतात, ते सगळे शब्द त्या कुळातले. आपल्या पद्धतीने अक्षराला अक्षर जोडून वाचलं तर त्याचं 'ओघ' होतं, म्हणून मास्तर त्यांना 'ओघातले शब्द' म्हणत. लिहायला चारही अक्षरं तीच, आणि बोलताना दर वेळी तोंड निराळं. खोकला आला की 'कॉफ', कणीक मळली की 'डो', नांगर धरला की 'प्लाउ', आरपार गेलं की 'थ्रू', आणि उचकी लागली की चक्क 'हिकप'. आपल्याकडे 'क' लिहिला की कोणीही 'क'च म्हणणार. यांच्याकडे अक्षर हे नुसतं निमित्त! मास्तरांच्या वडिलांना या प्रकाराची चीड होती. मास्तरांना त्याचंच वेड लागलं. "अरे, ज्याचा उच्चार लिहिण्यावरून कळतच नाही," ते म्हणत, "तो शब्द तोंडातूनच घ्यायला लागणार ना? म्हणजे हे लोक आपल्याइतकेच वैदिक आहेत. फक्त त्यांना मालूम नाही."

त्यातही 'कॉफ', 'थ्रू' वगैरे मंडळींना ते बाजारात हिंडणारी समजत. त्यांचा जीव होता तो खुद्द इंग्रजांनीही अडगळीत टाकलेल्या शब्दांवर. 'चफ' म्हणजे लाल चोचीचा, लाल पायांचा एक डोंगरी कावळा. 'क्लफ' म्हणजे डोंगरातली घळ. 'स्लफ' म्हणजे सापाने टाकलेली कात. 'हॉक' म्हणजे घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा. आणि हा लिहायचा मात्र एच लावून ओघ, म्हणजे कुणी 'हफ' म्हणावा, कुणी 'हो', आणि बरोबर कुणाचंच नाही.

हे सगळे त्यांनी ऐकून मिळवले होते, इंग्रजांच्या अमलात. आणि ज्याच्याकडून मिळाला त्याच्याच आवाजात ते तो शब्द म्हणत. 'चफ' एका पाद्र्याकडून मिळालेला. पाद्र्याला त्या दिवशी पडसं होतं, म्हणून मास्तर 'चफ' नेहमी नाकात म्हणत. 'हॉक' छावणीतल्या घोड्यांच्या डॉक्टरकडून आला. त्याने तो लाथ खाताना उच्चारला होता, त्यामुळे मास्तर 'हॉक' म्हणताना एक पाऊल मागे उडी घेत. आणि 'हिकप' ज्या साहेबाने दिला त्याला खरोखरीचीच उचकी लागलेली होती. मास्तरांचा 'हिकप' मध्ये दोन तुकडे होऊन येई. मी एकदा भीत भीत विचारलं, "मास्तर, पडसं आणि उचकी वगळून चालणार नाही का?"

"तू काय ठरवणार रे, शब्दात किती शब्द आणि किती पडसं?" मास्तर म्हणाले. "जसं आलं तसं पुढे द्यायचं. छाटाछाट करणारे आपण कोण?"

आता या सगळ्यात एक अडचण झाली होती, आणि तिच्यात मास्तरांचा स्वतःचाच हात होता. तरुणपणी 'चले जाव'च्या दिवसांत मास्तर दशाश्वमेधावर छाती फुटेपर्यंत ओरडले होते, पोलिसांची काठीही खाल्ली होती. तिची पाठीवरची खूण ते अभिमानाने दाखवत. दाखवून झाल्यावर बंडी खाली घेताना म्हणत, "ते गेले याचं मला काडीचं दुःख नाही. पण ओरडताना एक शब्द ऐकायचा राहिलाय हे लक्षातच आलं नाही."

तो शब्द लिहायचा एस आणि पुढे ओघ. अर्थ : झाडाझुडपांतून वारा जातो तेव्हाचा आवाज. सळसळ. मास्तरांच्या कणा मोडलेल्या जाड्या कोशात त्याचे दोन उच्चार दिले होते, एक 'साउ' आणि एक 'सफ'.

"आपली सळसळ बघ," मास्तर म्हणत. "तिला विचारायला लागत नाही, म्हटली की वाजतेच. यांचा शब्द आवाजाचाच आणि त्याचाच आवाज माहीत नाही! 'साउ'ने पानं हलतात की 'सफ'ने? मला कोण सांगणार?"

मग खिडकीत उभं राहून ते दोन्ही उच्चार मोठमोठ्याने करून बघत. खाली आमच्या दारासमोरच किराण्याचं दुकान. बनारसला अशा दुकानदाराला साव म्हणतात. मास्तरांनी वर 'साउऽ' केलं की खालून तराजू थांबे आणि आवाज येई, "का मास्टर साहब, हमें पुकारे का?"

"नाही नाही, आप बैठिए!" काकू आतून ओरडत. रोजचं होतं ते. मला वाटतं, सावजींनी मनातल्या मनात मास्तरांचं नाव वेड्यांत घातलेलं असावं; पण बनारसमध्ये त्यामुळे कुणाचा मान कमी होत नाही.

मास्तर मोठ्याने ओरडत, याचं कारण मला उशिरा कळलं. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. उजवा कान गेलाच होता, डावा निघायच्या तयारीत होता. काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या त्या दिवशी मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं आणि सांगितलं की शिरा सुकत चालल्या आहेत, यंत्राचा उपयोग नाही, काही महिने फार तर. ते मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले होते. पण मास्तरांनी बाहेर आल्यावर आमच्या चेहऱ्यांवरून सगळं वाचलं. सायकल रिक्षात बसताना ते एवढंच म्हणाले, "एकच शब्द राहिलाय रे. तेवढा ऐकला की गेले तरी चालतील."

घरी आल्यावर काकूंनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही रोज घाटावर हिंडता. एक इंग्रज आणून द्या यांना. मला पण आता हे देखवत नाही."

आता तुम्ही म्हणाल, त्या काळात बनारसच्या घाटांवर गोऱ्यांची काय कमी? कमी नव्हतीच. पण बहुतेक अमेरिकन. आणि अमेरिकन मास्तरांना चालत नव्हते. "ती निराळी शाखा झाली," ते म्हणत. "त्यांचा पाठ आपल्याला नको." रेडिओवर विलायतेच्या बातम्या लागत, त्या ते कान लावून ऐकत. पण बातम्यांमध्ये युद्ध असायचं, तेल असायचं, क्रिकेट असायचं; वाऱ्याची सळसळ कोण कशाला सांगेल?

अशा वेळी मला तो पंचगंगेवरचा जर्मन दिसला.

मी त्याला घरी आणलं. मास्तरांनी कोश उघडून शब्दावर बोट ठेवलं. त्याने शब्द पाहिला, थोडा विचार केला आणि आत्मविश्वासाने म्हणाला, "झाउख." मास्तरांचे डोळे विस्फारले. कोशात नसलेला तिसराच उच्चार! त्यांनी तो दोनदा म्हटला. त्याने मान डोलावली. मास्तरांनी त्याला नारळ दिला. काकूंनी त्याला शिरा दिला. मीही ताठ मानेने बँकेत जाऊ लागलो. चार दिवस आमच्या माडीवरून घशाच्या तळातून काढलेलं 'झाउख' गंगेपर्यंत जात होतं.

मग तो शिऱ्याच्या आठवणीने परत आला. काकूंनी हिंदीत विचारलं, आई कुठे असते बेटा? तो म्हणाला, "हॅम्बुर्ग."

मास्तरांच्या हातातला पेला खाली टेकला. त्यांनी त्याला शिरा मात्र पोटभर खाऊ दिला. तो गेल्यावर त्यांनी आंघोळ केली, दिवसभर उपास केला, आणि संध्याकाळी मला बोलावलं.

"कानात जागा किती उरलीय, माहीत आहे ना तुला?"

"हो, मास्तर."

"त्यातली अर्धी या 'झाउख'ला दिलीस."

मी चुळबुळ केली. "विसराल हळूहळू."

"विसरायला यायला लागलं तर आमच्या घराण्यात काय राहील?" मास्तर म्हणाले. खरंच होतं ते. एकदा कानात गेलेलं बाहेर काढायची सोय त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली नव्हती. पुढे कितीतरी दिवस ते बोलता बोलता थांबत, चेहरा वाकडा करत, आणि मला कळे, आत 'झाउख' वाजला.

त्यानंतर मी सावध झालो. इतका, की थंडीच्या दिवसांत बालाजी घाटावर एक म्हातारीशी बाई टोपी घालून शेंगा सोलत बसलेली दिसली तेव्हा आधी मी दोन पायऱ्या वर उभा राहून तिच्या शेंगा संपेपर्यंत तिच्याकडे नुसता बघत राहिलो. मग पुढे झालो.

"मॅडम, आर यू इंग्लिश बाय बर्थ?"

"आय ॲम अफ्रेड सो," ती म्हणाली.

मला वाटलं, बाई घाबरली. "नो नो, मॅडम! डोन्ट बी अफ्रेड!" मी म्हणालो. "माय लँडलॉर्ड इज अ ब्राह्मिन!"

बाईने टोपी वर सरकवली आणि मला नीट पाहून घेतलं. मी आता कशातच चूक ठेवणार नव्हतो. वडील इंग्रज का? आई? आजोबा? जन्म कुठला? तिने सगळं सांगितलं. उत्तरेकडचं डोंगराळ गाव, वडील मेंढ्या पाळत. तिची तपासणी आटोपल्यावर तिने मला विचारलं, आता हे सगळं कशासाठी ते सांगशील का? मी माझ्या इंग्रजीत मास्तर, कान, ओघ, घोड्याचा सांधा, सगळं सांगितलं. शेवटी शेंगांच्या टरफलावर पेन्सिल चालेना म्हणून तळहातावर तो शब्द लिहून दाखवला.

"ओह," ती म्हणाली, "माझ्या वडिलांचा शब्द आहे हा." आणि तो म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं.

मी दोन्ही हात पुढे करून किंचाळलो, "नॉट हिअर, मॅडम!"

कारण आधी मी ऐकला असता तर मास्तरांना उष्टा गेला असता. बाईला उष्टं म्हणजे काय हे समजावणं माझ्या इंग्रजीत बसेना. पण काहीतरी पवित्र प्रकरण आहे एवढं तिने ओळखलं असावं, कारण घाटाच्या सगळ्या पायऱ्या आणि पुढच्या गल्ल्या ती ओठ गच्च मिटून चालली. वाटेत एका बैलाने अडवलं तेव्हासुद्धा बोलली नाही.

मास्तरांनी तिच्या आजोबांपर्यंतची हकिकत माझ्याकडून दोनदा लिहून घेतली (बोललेलं त्यांना आता पुरतं कळत नव्हतं) आणि मग धुतलेलं धोतर नेसून आले. तिच्यासाठी पाट मांडला. बाईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिला खुर्ची दिली आणि मास्तर खाली बसले. शिष्याने खालीच बसायचं असतं, तेव्हा तेही बरोबरच झालं. काकूंनी खाली सावजींना सांगून दुकानातला रेडिओ बंद करवला. खिडकी लावली. मास्तरांनी डाव्या कानामागे हाताचा पंजा धरला आणि डोळे मिटले.

बाईने श्वास घेतला. आणि त्याच क्षणी आतल्या चुलीवर पोह्यांसाठी टाकलेल्या मिरचीचा धूर थेट माझ्या घशात गेला. मी असा खोकलो की खुर्ची हलली.

मास्तरांनी डोळे उघडले. "धिस वन आय हॅव," ते बाईला नम्रपणे म्हणाले. "फ्रॉम माय प्रोफेसर."

बाईला हसू आवरेना. काकूंनी मला दंडाला धरून दाराबाहेर उभं केलं. तिथून मी बघत होतो. बाईने पुन्हा श्वास घेतला आणि शब्द म्हटला. मास्तर तसेच बसलेले. तिने मोठ्याने म्हटला. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि हळूच विचारल्यासारखं त्यांच्या तोंडून आलं, "झाउख?"

बाई माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली. काकू पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या. मला वाटलं, संपलं. इंग्रज मिळाला आणि कान गेला.

पण बाई उठली. मोठ्याने म्हणून हा शब्द होत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली, तो ओरडायचा शब्दच नव्हे. 'अं' करून तिने जमिनीवर दोन्ही गुडघे टेकले, मास्तरांचा कानामागचा हात बाजूला केला, तोंड कानाला लावलं आणि तो शब्द आत सोडला. म्हटला असं म्हणवत नाही. नुसता श्वास सोडला असेल. मास्तरांच्या कानावरचे पांढरे केस हललेले मला दारातून दिसले.

मग मास्तर म्हणाले, "अं... साउ." बाईने मान हलवली, नाही. पुन्हा कानाशी गेली. ते पुन्हा म्हणाले. या वेळी शेवटचा 'उ' ओठांवर येऊन तिथेच हवेत विरत गेला, आणि बाईचे डोळे एकदम भरून आले. मास्तरांनी तो आणखी एकदा म्हटला. संथा पुरी झाली.

"कुणाकडून?" त्यांनी मराठीतच विचारलं. तिला ते कसं समजलं देव जाणे. तिने वडिलांचं सांगितलं : संध्याकाळी दारात उभे राहून ते कान द्यायचे, हा शब्द म्हणायचे आणि मेंढ्या आत घ्यायला निघायचे. मी ते पाटीवर लिहून मास्तरांना दाखवलं. त्यांनी हात जोडले. मग नारळ दिला. बाईने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि पोहे खाऊन, पुन्हा मागून घेऊन, ती गेली.

दुपारभर मास्तर खिडकीत बसून होते. मधूनमधून तो शब्द म्हणत. आधी गुडघे टेकल्याचा 'अं', मग 'साउ'. गुडघ्यांचं दुखणं त्यांनी शब्दाबरोबरच घेतलं होतं, वगळायचा प्रश्नच नव्हता. काकू आज कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. आणि मी? मला वाटत होतं, आता आपल्यालाही हक्क पोचतो. बाई आणली कोणी? आजोबा तपासले कोणी? जर्मनाचं पाप फिटलं की नाही? मी मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो, गळा साफ केला आणि त्यांच्या कानाशी वाकलो.

"मास्तर, मला जमतो का बघा हं..."

मास्तरांनी झटकन तळहाताने कान झाकला.

"तू नको," ते म्हणाले. "आज उद्या हा कान जाणार. जाताना त्यात तुझं इंग्रजी राहायला नको."